थॉर्नबी हॉलमधलं घंगाळ

पद्मिनीबाईंच्या हातात कुणी काही दिलं की त्या आधी ते उलटं करून बघत. मग ते पातेलं असो, साडी असो, नाहीतर नुसता दिलेला शब्द असो. हा गुण काही त्यांनी शाळेत मिळवला नाही. शाळा तिसरीतच सुटली. गुण आला तो पुण्याच्या तांबट आळीतून. वडील राजाराम दिवसभर तांब्याची भांडी ठोकायचे, तेही डाव्या हातानं. गिऱ्हाईक यायचं, भांड्याला टिचकी मारून कान द्यायचं. वडील गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे, आणि दाराआड उभी राहिलेली पोर दोघांकडे बघायची. कोण कुणाला गुंडाळतंय हे तिला सातव्या वर्षीच कळायला लागलं होतं.

अशी बाई पन्नाशी उलटल्यावर नेपरव्हिलला येऊन पडली. नवरा गेला, मुलगी वीणा लग्न होऊन नाशिकला गेली, आणि मुलगा गिरीश म्हणाला, "आई, एकटी काय करणार तिथं? इकडे ये." गिरीश टेलिफोनच्या संशोधनाच्या कचेरीत इंजिनियर, सून कांचन हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नात मृणालिनी तेव्हा दोन वर्षांची. आल्या त्या. पण इथलं काही त्यांच्या पचनी पडेना. दूध पंधरा दिवस नासत नाही, म्हणजे त्यात नक्की काहीतरी घालत असणार. दुकानाचं दार आपोआप उघडतं, म्हणजे आतून कुणीतरी पाळत ठेवून असणार. शेजारची बाई रोज "हाऊ आर यू?" विचारते आणि उत्तर ऐकायला थांबत नाही.

"मग विचारते कशाला?" पद्मिनीबाई म्हणायच्या. "हिच्या मनात काहीतरी आहे."

"अहो आई, तशी पद्धत आहे इथं," कांचन हसायची.

"तुला सगळं लवकर पटतं बाई."

हे झाले येता-जाता चघळायचे संशय, सुपारीसारखे. पण एक संशय १९८४ पासून त्यांच्या पोटात ठाण मांडून बसला होता आणि त्याबद्दल त्या कुणाजवळ चकार शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांचं घंगाळ घरातून गेलं होतं.

आंघोळीचं पाणी काढायचं तांब्याचं घंगाळ, रुंद तोंडाचं, दोन अंगांना दोन कड्या. लग्नात वडिलांनी स्वतः ठोकून दिलेलं. काठाखाली टिंबाटिंबांनी नाव घातलेलं: चि. सौ. कां. पद्मिनीस, राजारामकडून, शके १८६५. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतातच. लग्नकार्याला भांडी आळीभर फिरतात, परत ओळखायची कशी? अमेरिकेला येताना पद्मिनीबाईंनी ते मागं ठेवलं नाही. त्यातच लुगडी कोंबली, वरून धोतर बांधलं, आणि आणलं विमानातून. विमानतळावरच्या साहेबानं सगळी लुगडी उपसून आत डोकं घालून बघितलं. त्याचा मात्र पद्मिनीबाईंना राग आला नाही. तो माणूस आपल्यातला वाटला. पहिल्या दिवाळीला पहाटे बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि आत बाथटबात घंगाळ ठेवून त्या नातीला उटणं लावत होत्या.

८४ साली वीणाच्या बाळंतपणाला त्या सहा महिने नाशिकला गेल्या. परत आल्या, तर बेसमेंटमध्ये घंगाळाच्या जागी कपड्यांची निळी प्लॅस्टिकची टोपली. त्याच संध्याकाळी कांचन म्हणाली, "आई, तुम्ही नव्हता तेव्हा बेसमेंट जरा रिकामं केलं हं." आणि चार दिवसांनी भाजी निवडता निवडता, "वीणावन्संच्या बाळाला घंगाळात आंघोळ घालायची छान सोय झाली असेल, नाही?"

चोर ते चोर आणि वर टोमणा! पद्मिनीबाईंनी नुसतं "हं" केलं आणि गवारीच्या शिरा जरा जोरानं ओढल्या.

विचारलं का नाही? विचारायचं म्हणजे सुनेला तोंडावर चोर म्हणायचं. एकदा तसं म्हटलं की त्याच घरात तिच्या हातची पोळी खायची कशी? म्हणून दोन वर्षं विचारलं नाही. नुसतं लक्ष ठेवलं. लोणच्याच्या बरणीवर पेन्सिलीनं खूण करून ठेवली. बॅगेच्या चेनला दोऱ्याची गाठ मारून रोज संध्याकाळी तपासली. गाठ जशीच्या तशी असायची. मग तर संशय आणखीच वाढला: केवढी सफाई आहे हाताला!

शेवटी ८६च्या उन्हाळ्यात त्या गिरीशला म्हणाल्या, "माझं ऑक्टोबरचं तिकीट काढ. जाते मी. आणि आता परत यायची नाही."

"अगं, पण झालं काय?"

"हवा मानवत नाही."

सात वर्षं मानवलेली हवा एकाएकी कशी बिघडली हे गिरीशला कळेना. त्यानं तिकीट काढलं. त्या रात्री कांचन बाथरूममध्ये नळ सोडून रडली. पद्मिनीबाई अंथरुणात विचार करत राहिल्या, की नळ सोडून रडते ती मला ऐकू जाऊ नये म्हणून, की जावं म्हणून?

सप्टेंबरातल्या एका रविवारी गिरीश म्हणाला, "चला, आईला थॉर्नबी हॉल दाखवून आणू. इंग्लंडमधलं जुनं घर आहे, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. दीड तासावर."

"इंग्लंड दीड तासावर?"

"नाही गं. एका श्रीमंत साबणवाल्यानं साठ वर्षांपूर्वी तिकडून उचलून आणलं. विटा सोडवल्या, प्रत्येकीवर नंबर घातला, बोटीनं आणल्या आणि इथं परत रचल्या."

पद्मिनीबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. इंग्रज देश सोडून गेला तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. आता म्हातारपणी अमेरिकेत तिकीट काढून इंग्रजाच्या घरी जायचं. आणि हे एकदम आजच का सुचलं? जाण्याआधी आईला गोड करायचं चाललंय, दुसरं काय. तरीही त्या निघाल्या. दशम्या आणि बटाट्याची भाजी कांचननं बांधली होती. डब्यात किती दशम्या आहेत ते त्यांनी गाडीत बसल्यावर झाकण उचलून बघितलं. तेरा होत्या. तेरा कशाला, चौघांत?

त्या घराच्या आवारात आणखीही बघण्यासारखं होतं. आधी लागली पाणचक्की. चाक फिरत होतं, आत दगडी जातं फिरत होतं, आणि दारात पिठाच्या कागदी पिशव्या विकायला मांडलेल्या.

"जात्यात दाणा कुठाय?" पद्मिनीबाईंनी वाकून पाहिलं. "नुसतंच फिरतंय. मग हे पीठ कुठलं?"

"आजी, इट्स जस्ट फॉर शो," मृणालिनी म्हणाली. नऊ वर्षांची झाली होती, मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र इंग्रजी.

"तेच म्हणते मी."

पुढं लोहाराचं छप्पर. दाढीवाला जाडजूड माणूस कातड्याचा एप्रन लावून ऐरणीवर लोखंड ठोकत होता आणि लोक फोटो काढत होते. पद्मिनीबाई जरा वेळ थांबल्या. भट्टीत लोखंड पुरतं लाल व्हायच्या आतच तो ते बाहेर काढत होता आणि ठोके कुठेही पडत होते.

"हा लोहार नाही," त्या कांचनच्या कानाशी म्हणाल्या. "हा शनिवार-रविवारपुरता आहे."

कांचनला हसू फुटलं. तिच्याबरोबर आपणही हसलो हे लक्षात आल्यावर पद्मिनीबाईंनी तोंड पुन्हा बंद केलं.

मग मोठं घर. काळ्या लाकडाच्या पट्ट्या, मधे पांढरा गिलावा, उंच उंच धुराडी. दाखवायला एक म्हातारी होती, डोरोथी नावाची, पायघोळ काळा झगा आणि पांढरी टोपी घातलेली. ती प्रत्येक खोलीत आधी लोकांच्या हातांवरून आणि डोक्यांवरून नजर फिरवायची आणि मग बोलायला लागायची. पद्मिनीबाईंनी ते बरोबर ओळखलं. ही बाई माणसं मोजत होती. आत जाताना अकरा, बाहेर येताना अकरा.

आखूड पलंग पाहिले, तसबिरीतली लांबोडक्या चेहऱ्याची माणसं पाहिली. पद्मिनीबाईंचं लक्ष मात्र भिंतींवर होतं.

"नंबर कुठायत रे विटांवर?"

"आतल्या बाजूला असतील, आई."

"असतील!"

सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर. माणूस उभा मावेल एवढी चूल, वर लोखंडी आकडे, आणि पुढं जाड दोर बांधलेला, कुणी आत जाऊ नये म्हणून. डोरोथीनं चुलीशेजारी बोट दाखवलं आणि घोळून घोळून सांगायला लागली. मृणालिनी आजीला समजावू लागली, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. "आजी, ती म्हणते दॅट पॉट इज द ओल्डेस्ट थिंग हिअर. आणि त्याच्यावर जे डॉट्स आहेत ना, ते मॅजिक मार्क्स. सो द विचेस वोन्ट कम. चेटकिणी."

पद्मिनीबाईंनी पाहिलं. चुलीशेजारी तांब्याचं एक भांडं होतं, काळवंडलेलं. त्यात जळाऊ लाकडं भरलेली.

त्यांनी चष्मा पदरानं पुसला आणि पुन्हा पाहिलं. भांड्याच्या अंगावर हातोडीच्या ठोक्यांच्या रांगा होत्या. कुठल्याही तांबटाच्या रांगा एका अंगाला कलतात. या उलट्या कललेल्या होत्या. डाव्या हाताच्या.

पुढं काय झालं ते कांचनलाही नीट सांगता आलं नाही. नऊवारी सावरत साठ वर्षांची बाई दोराखालून वाकून पलीकडे गेली एवढं खरं. त्यांनी काठाखालच्या चेटकिणींच्या खुणांवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं: "चि. सौ. कां. पद्मिनीस, राजारामकडून!"

"मॅडम! प्लीज! डोन्ट टच!" डोरोथी ओरडली.

आणि त्याच वेळी मागून कांचन, अगदी मनापासून चक्रावून, "अगं बाई! हे इथं कसं? हे तर तुम्ही वीणावन्संकडे नेलंत ना?"

पद्मिनीबाई वळल्या. माणसाच्या आवाजाला टिचकी मारून बघायची त्यांना त्रेपन्न वर्षांची सवय. हा आवाज खणखणीत होता, कुठंही तडा नव्हता.

"मी नेलं? कुणी सांगितलं तुला?"

कांचननं नवऱ्याकडे पाहिलं. गिरीश भिंतीवरची आगीच्या वेळी काय करायचं याची पाटी फार लक्ष देऊन वाचत होता.

"गिरीश!"

"आई, आपण बाहेर जाऊन बोलू या का?"

"इथंच बोल. अकरा माणसं आहेत, मोजलेली."

बोलला बिचारा. त्या वसंतात चर्चची माणसं गाडी घेऊन दारोदार जुनं सामान मागत फिरत होती. कांचन कामावर होती. तिनं आदल्या दिवशी टोपल्या आणि खोकी आवरून ठेवली होती. यानं मोडका दिवा दिला, सायकल दिली, आणि गाडीत जागा उरली म्हणून कोपऱ्यातलं ते काळं भांडंही दिलं. मागाहून लक्षात आलं, तोवर गाडी गेली होती.

"आणि हिला काय सांगितलंस?"

"हिनं विचारलं तेव्हा म्हटलं... आईनं नेलं असेल वीणाकडे."

"असेल नाही, 'नेलं' म्हणालास तू," कांचन म्हणाली. "दोन वर्षं मी मनात म्हणत होते, माझ्या मुलीच्या आंघोळीचं भांडं लेकीकडे नेलं, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. लेक ती लेक, सून ती सून."

"आणि मी..." पद्मिनीबाईंनी वाक्य अर्धंच सोडलं. लोणच्याची बरणी त्यांना आठवली. "जाऊ दे मी काय म्हणत होते ते."

"तू परत आल्यावर काहीच विचारलं नाहीस गं," गिरीश म्हणाला. "मला वाटलं, तुझ्या लक्षातच आलं नाही."

"माझ्या? लक्षात आलं नाही?"

एवढ्यात डोरोथी कमरेवर हात ठेवून पुढं आली. तिचं म्हणणं मृणालिनीनं सांगितलं: भांडं इंग्लंडचं आहे, एका जाणत्या गृहस्थानं चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून पारखून आणलंय, आणि कुणीही येऊन काहीही वाचून दाखवेल, आम्ही कसं खरं मानायचं?

पद्मिनीबाईंना ही बाई एकदम पटली. इतक्या वर्षांत या देशात पहिल्यांदाच कुणीतरी हवा तो प्रश्न विचारला होता.

"बरोबर बोलते ती. तिला सांग मृणा, बुडाला तिळाएवढं भोक पडलं होतं, तिथं माझ्या भावानं डाख देऊन बदामाच्या आकाराची टिकली बसवलीय. डाव्या कडीची खीळ पितळेची आहे, उजवीची तांब्याची. म्हणावं, तू उलटं करून बघ. मी हात लावत नाही."

उलटं करायचं तर आधी लाकडं काढायला हवीत. पद्मिनीबाईंनी एकेक ओंडका उचलला आणि गिरीशच्या हातात दिला. आंघोळीच्या घंगाळात सरपण! तो हनुवटीपर्यंत लाकडं घेऊन उभा राहिला. खाली ठेव असं त्याला कुणी म्हटलं नाही. डोरोथीनं घंगाळ पालथं केलं, नाकावर चष्मा घसरवून वाकली. बदाम होता. पितळेची खीळ होती. ती बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग तिनं टोपी काढली आणि पांढऱ्या केसांत बोटं घालत काहीतरी पुटपुटली.

"शी सेज, त्या जाणत्या गृहस्थानं कधी उलटं केलंच नाही," मृणालिनी म्हणाली.

तरी प्रश्न सुटला नाही. डोरोथी म्हणाली, देणं माझ्या हातात नाही, कमिटीची बैठक पुढल्या महिन्यात. गिरीश लाकडांआडून म्हणाला, "आई, रीतसर पत्र लिहू. देतील ते."

"देतील!" पुढल्या महिन्यात पद्मिनीबाई वीणाकडे नाशिकला असणार होत्या. आज इथून पाय काढला की घंगाळ पुन्हा चेटकिणींचं होणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. चुलीसमोर एक जुनी खुर्ची होती. तिच्यावर बसू नये अशी चिठ्ठी होती. पद्मिनीबाईंनी चिठ्ठी उचलून बाजूला ठेवली, घंगाळ मांडीवर घेतलं आणि बसल्या.

"आई, अगं लोक बघताहेत!"

"बघू देत. बघायलाच आलेत ना?"

गिरीशनं बायकोकडे पाहिलं. आजवर आईला समजावायचं काम तिचंच असायचं. कांचननं पर्स खांद्यावर नीट केली, दोराखालून वाकली, आणि सासूच्या खुर्चीशेजारी फरशीवर बैठक मारून बसली. एक कडी तिनं हातात धरली.

"भांडं घेतल्याशिवाय उठणार नाही," ती डोरोथीला इंग्रजीत म्हणाली, आणि गिरीशला मराठीत, "तू लाकडं सांभाळ."

पद्मिनीबाईंनी खाली तिच्या भांगाकडे पाहिलं. दोन वर्षं या पोरीच्या घरात आपण दोऱ्याला गाठी मारत होतो. त्यांनी आपल्या पदराचा शेव तिच्या गुडघ्याखाली सरकवला. फरशी गार होती.

डोरोथीनं कमिटीच्या मुख्य साहेबाला घरी फोन केला. तासाभरानं आला तो, बागेतून उठून आल्यासारखा, गुडघ्यांना माती लागलेली. आधी तो हसला, मग नियम सांगायला लागला. तेव्हा डोरोथीनंच त्याला अडवलं. तिनं काय सांगितलं ते पद्मिनीबाईंना अक्षर कळलं नाही, पण तिनं घंगाळ उलटं करून त्याला वाकायला लावलं, हे कळलं. शेवटी साहेबानं भांडं परत दिल्याचा एक कागद लिहिला, सही केली. पद्मिनीबाईंनी तो मृणालिनीकडून दोनदा वाचून घेतला, एकदा वरून खाली आणि एकदा, खात्री म्हणून, मधूनच एक ओळ विचारून. मग डोरोथीकडूनही साक्षीदार म्हणून सही घेतली. डोरोथीनं ती आनंदानं केली. निघताना तिनं सवयीनं माणसं मोजली.

परतताना मृणालिनी पुढं बापाशेजारी बसली. मागं सासू-सून, आणि दोघींच्या मधे घंगाळ. घंगाळात दशम्यांचा डबा.

"तेरा कशाला गं केल्यास?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

"बाराच केल्या होत्या. मग तुमच्यासाठी एक बिनमिठाची केली. तुमचं ब्लड प्रेशर."

पद्मिनीबाईंनी ती शोधून काढली आणि तुकडा मोडला. खरंच बिनमिठाची होती.

"कांचन," बरेच मैल गेल्यावर त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तू दिलंस."

"कळलं मला ते, तुम्ही तिथं वळून बघितलंत तेव्हाच." कांचन खिडकीबाहेर पाहत होती. मक्याची शेतं पिवळी पडली होती. "म्हणून चालला होतात ना परत? हवा-बिवा काही नाही."

"विचारायला हवं होतं मी."

"मी तरी कुठं विचारलं?"

पुढच्या सीटवरून गिरीश खाकरला. "मग आई, ते तिकीट कॅन्सल करू का?"

मागून दोघींपैकी कुणीच लगेच उत्तर दिलं नाही. त्याला जरा तसंच ठेवावं असं दोघींनाही एकाच वेळी वाटलं असावं. शिकागोकडच्या मोठ्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा पद्मिनीबाई म्हणाल्या, "कर."

मंगळवारी गिरीश ऑफिसमधून आला आणि म्हणाला की झालं, तिकीट कॅन्सल केलं. पद्मिनीबाईंनी मान हलवली. तो कपडे बदलायला वर गेला, तशा त्या स्वयंपाकघरात आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "कांचन, त्या विमानवाल्यांना एक फोन लाव गं. खरंच केलंय का, एवढंच विचार."

"मघाशीच लावला आई," कांचन म्हणाली. "केलंय."